दाबलेले बटण सोडवायचे कुणी?

जालना-भोकरदन रस्त्यावरचे राजूर राजुरेश्वर गणपतीमुळे महाराष्ट्राला माहीत आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी हे पूर्ण पीठ, अशी भाविकांची श्रद्धा आहे. टेकडीवरच्या या मंदिराच्या पायथ्याशी वाढलेली बाजारपेठ मात्र रोजच्या व्यवहारावर चालते. सराफी पेढ्या, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे, मेडिकल, दवाखाने, पेट्रोल पंप असा तिचा पसारा. कापूस, मका आणि मिरचीच्या हंगामात या भागात रोख पैसा मोठ्या प्रमाणावर फिरतो. याच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आहे. ज्या काउंटरवर ही रोकड मोजली जाते, तिथे बसणाऱ्या माणसावर प्रसंग गुदरला तर त्याने काय करायचे, हा या लेखाचा विषय. त्याचे आज सगळीकडे दिले जाणारे उत्तर म्हणजे पॅनिक बटण. ते कोणते घ्यावे, कुठे बसवावे, दाबल्यावर ते आपोआप सुटावे की अडकून राहावे, यावर मात्र एकमत नाही. त्या मतभेदांचा हा आढावा.

प्रश्न जवळ कसा आला

ऑक्टोबर २०२१मध्ये जालना जिल्ह्यातच, अंबड तालुक्यातल्या शहागड येथे बुलडाणा अर्बन पतसंस्थेच्या शाखेवर सशस्त्र दरोडा पडला. पिस्तुलाचा धाक दाखवून रोकड आणि तारण ठेवलेले सोने नेण्यात आले. शहागड गोदाकाठी, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. अशा ठिकाणी दरोडा काही मिनिटांत आटोपतो आणि पळायला हमरस्ता समोरच असतो. त्याच वर्षी जुलैमध्ये विरारला एका खासगी बँकेच्या शाखेत कामकाज संपल्यानंतर दोन महिला कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला. एकीचा मृत्यू झाला, दुसरी गंभीर जखमी झाली. हल्ल्याच्या आरोपाखाली पकडला गेलेला माणूस त्याच शाखेचा माजी व्यवस्थापक होता.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. शहागडला धोका बाहेरून आला, कामाच्या वेळेत आला. विरारला तो आतून माहीत असलेल्या माणसाकडून, वेळ संपल्यावर आला. पहिल्या प्रकारासाठी आखलेली व्यवस्था दुसऱ्यात अपुरी पडू शकते, कारण बटण कुठे आहे, ते दाबल्यावर कुठे वाजते आणि त्याची चावी कुणाकडे असते, हे सगळे माजी कर्मचाऱ्याला ठाऊक असते.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला आणि या चर्चेला तिसरा पदर जोडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमले. रात्रपाळीतले डॉक्टर आणि परिचारिका यांची सुरक्षा हा देशभर ऐरणीवरचा विषय झाला. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध २०१०पासून स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. पण शिक्षेची तरतूद घटनेनंतर कामाला येते. घटनेच्या क्षणी हाताशी काय असावे, हा प्रश्न कायद्याबाहेर उरतोच.

दोन घराण्यांचे बटण

आज ‘पॅनिक बटण’ या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या परंपरांतली साधने विकली जातात. निवड करताना होणारा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली परंपरा कारखान्याची. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ने प्रत्येक कामाच्या खोलीत चालू यंत्राची वीज आणीबाणीत तोडण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद गिरण्यांमध्ये आणि जिनिंगमध्ये पिवळ्या पार्श्वभूमीवर दिसणारे लाल, छत्रीसारख्या डोक्याचे ‘मशरूम बटण’ याच घराण्याचे. आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते एकदा दाबले की आदेश टिकून राहिला पाहिजे, माणसाने मुद्दाम सोडवल्याशिवाय जाता कामा नये, आणि ते सोडवले म्हणून यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. हेच ‘लॅचिंग’. हे बटण सर्वांना दिसावे, कुणालाही दाबता यावे, यासाठीच ते असते.

दुसरी परंपरा बँकेची. इथे बटण लपलेले असते, ते दाबल्याचे समोरच्याला कळू नये अशी अपेक्षा असते. अमेरिकेत १९६८च्या बँक संरक्षण कायद्यानंतर पोलिसांना तातडीने कळवणारी अलार्म व्यवस्था हा बँकांच्या किमान सुरक्षेचा भाग झाला. काउंटरखालचे बटण, पायाने उचलायची पट्टी, गल्ल्यातली ठरावीक नोट काढताच संपर्क तुटून हाक देणारी चिमटी, अशी साधने या व्यवहारातून रूढ झाली. आपल्याकडच्या बँक शाखांत दिसणारा ‘पॅनिक स्विच’, ‘फूट स्विच’ आणि बाहेरच्या भिंतीवरचा हूटर हा याच घराण्याचा भारतीय अवतार.

अडकून राहण्याचा गुण पहिल्या घराण्याचा, लपून राहण्याचा दुसऱ्याचा. लॅचिंग पॅनिक बटणात दोन्ही गुण एकत्र येतात. दुकानदार जेव्हा इलेक्ट्रिशियनला ‘एक पॅनिक बटण लावून दे’ म्हणतो आणि तो जालन्याहून कारखान्यातले लाल मशरूम बटण आणून काउंटरच्या दर्शनी बाजूला ठोकतो, तेव्हा दोघांपैकी कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण दवाखान्याच्या भिंतीवर जे शोभले असते, ते सराफाच्या काउंटरवर धोक्याचे ठरते.

भारतात या दोहोंशिवाय एक तिसरा प्रवाह दिल्लीच्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आला. २०१६च्या नियमांनी मोबाइल हँडसेटमध्ये पॅनिक बटणाची सोय सक्तीची केली. साध्या फोनवर ५ किंवा ९ची कळ दाबून धरायची, स्मार्टफोनवर पॉवरची कळ लागोपाठ तीनदा दाबायची. त्याच वर्षीच्या अधिसूचनेने सार्वजनिक प्रवासी वाहनांत एआयएस-१४० मानकाची आपत्कालीन बटणे आली. ही माणसासोबत किंवा वाहनासोबत फिरणारी बटणे आहेत. एका जागी बसून काम करणाऱ्यांसाठी अशी सर्वसाधारण सक्ती नाही, त्यामुळे कामाच्या ठिकाणची निवड मालकावर, विमा कंपनीवर किंवा विक्रेत्यावर सोपवली गेली आहे.

अडकणे म्हणजे नेमके काय

साधे बटण बोट असेपर्यंतच संपर्क बदलते. लॅचिंग बटण बोट काढल्यावरही त्याच अवस्थेत राहते आणि चावीने, पिळून किंवा ओढूनच परत येते. याचे दोन प्रकार आहेत, आणि माहितीपत्रकांत ते क्वचितच वेगळे करून सांगितलेले असतात. यांत्रिक लॅचिंगमध्ये बटणच आत अडकते. विद्युत लॅचिंगमध्ये बटण सुटते, पण रिले किंवा सर्किट ती स्थिती धरून ठेवते. वीज आणि बॅटरी दोन्ही गेली तर रिलेची पकड सुटते, यांत्रिक बटणाची सुटत नाही. जिथे भारनियमन आणि वादळवाऱ्यात पडणाऱ्या तारा हा नित्याचा अनुभव आहे, तिथे हा फरक विकत घेण्याआधीच विचारावा असा आहे.

तिसरी शक्यता म्हणजे बटण साधे ठेवायचे आणि स्मृती पॅनेलकडे, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या अलार्मच्या पेटीकडे, द्यायची. चांगले अलार्म पॅनेल पॅनिकचा झोन, म्हणजे त्या बटणांचे वेगळे वर्तुळ, चोवीस तास जागे ठेवते, व्यवस्था ‘बंद’ असली तरीही, आणि कोणत्या झोनमधून कधी हाक आली याची नोंद ठेवते. लॅचिंगविषयीचा वाद खरे तर या तीन पर्यायांमधला आहे.

बाजू आणि विरुद्ध बाजू

लॅचिंगच्या बाजूचे लोक पहिला मुद्दा मांडतात तो घाबरलेल्या हाताचा. पॅनेल विजेच्या क्षणिक गोंधळाला फसू नये म्हणून अगदी छोट्या धक्क्यांकडे दुर्लक्ष करते. पाव ते अर्ध्या सेकंदापेक्षा कमी काळ उघडलेला संपर्क अनेक पॅनेल जमेस धरत नाहीत. पिस्तूल समोर असताना बोट जेमतेम लागून निसटले, तर साध्या बटणाची हाक हरवू शकते. अडकणारे बटण हरवू देत नाही. दुसरा मुद्दा जागेचा: एकाच तारेवर चार बटणे असतील, तर कोणते दाबले हे अडकलेल्या बटणावरून किंवा त्याच्या दिव्यावरून कळते. पोलीस किंवा शेजारी आत शिरताना कॅश काउंटरकडे धावायचे की मागच्या तिजोरीच्या खोलीकडे, हे ठरवायला ती माहिती लागते. तिसरा मुद्दा पुराव्याचा. ‘मी दाबले होते’ आणि ‘बटण वाजलेच नाही’ या नंतरच्या वादात अडकलेले बटण साक्षीदार असते.

विरुद्ध बाजूही पोकळ नाही. अडकलेले बटण दुसरी हाक देऊ शकत नाही. लोक आले, पाहणी करून गेले, पण बटण सोडवायचे राहिले, तर पुढच्या पाळीतल्या माणसाच्या हाताखाली मुके बटण असते आणि त्याला ते ठाऊकही नसते. दुसरे, दाबले गेल्याची खूण हल्लेखोरालाही दिसू शकते. लाल दिवा पेटणारे बटण चुकीच्या कोनात बसवले तर ते माणसाला वाचवण्याऐवजी उघडे पाडते. तिसरा आक्षेप रोजच्या व्यवहारातला. झाडताना केरसुणी लागली, खुर्ची सरकवताना गुडघा लागला, की हाक गेली, आणि चावी मालकाच्या खिशात, मालक लग्नाला. असे दोन-तीनदा झाले की कुणीतरी वैतागून तारच काढून ठेवतो, आणि मग व्यवस्था फक्त भिंतीवर उरते.

खोट्या हाकांची ही चिंता जगभरची आहे. अमेरिकेतल्या घरफोडीच्या अलार्मविषयीच्या अभ्यासांत पोलिसांकडे जाणाऱ्या हाकांपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या आढळल्या. सॉल्ट लेक सिटीने २०००च्या अखेरीस, कुणी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय अशा अलार्मवर पोलीस न पाठवण्याचे धोरण स्वीकारले. माणसाने स्वतः दाबलेल्या बटणाला अशा धोरणांत सहसा सूट असते, कारण त्यामागे यंत्राचा नव्हे, माणसाचा निर्णय असतो. ती सूट टिकवायची तर चुकून दाबले जाणे कमी व्हायला हवे. त्यासाठी दोन बटणे एकाच वेळी दाबावी लागणारी रचना ब्रिटनमध्ये बरीच रुळली आहे. तिच्यावरचा आक्षेप उघड आहे: एक हात वर धरलेला असेल किंवा जखमी असेल तर?

मला स्वतःला राजूरसारख्या ठिकाणी यांत्रिक लॅचिंगचे पारडे जड वाटते. मोठ्या शहरात देखरेख केंद्रात चोवीस तास बसलेला माणूस पॅनेलच्या नोंदी वाचतो. इथे नोंद वाचणारा कुणी नसतो, त्यामुळे स्मृती बटणातच असलेली बरी. पण एका अटीवर, की रोज दुकान उघडताना बटण मोकळे आहे ना, हे हाताने तपासले जाईल.

मुके की बोलके

पतसंस्था आणि सराफी पेढीत हाक मूक असावी, याविषयी सुरक्षा क्षेत्रातल्या बहुतेकांचे एकमत आहे. शस्त्र घेतलेला माणूस घाबरला की गोळी सुटण्याचा धोका वाढतो. त्याला जाऊ द्यावे, माणसे वाचवावीत, सोने विम्यातून मिळेल, असा हा विचार. त्याला आव्हान देणारे म्हणतात की हा विचार पोलीस पाच मिनिटांत पोहोचतील असे धरून चालतो. राजूरसारख्या गावात चौकीतले मनुष्यबळ मोजके असते, जादा कुमक दुसऱ्या गावाहून येते. मूक हाकेला वेळेत उत्तर मिळणार नसेल, तर तिचा उपयोग तपासापुरताच उरतो. बाजारपेठ मात्र दोन हातांवर आहे आणि मोठ्या आवाजाने ती गोळा होते.

यावर काढला जाणारा मध्यम मार्ग असा, की बटण दुकानात मुके राहावे, पण आवाज दुसरीकडे व्हावा: समोरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, मालकाच्या घरी. समोरचा दुकानदार मग आत न धावता बाहेरून पाहतो, गाडीचा नंबर टिपतो, पोलिसांना फोन करतो. यात शेजाऱ्याला किती धोक्यात घालायचे हा प्रश्न आहे, आणि तो दोन दुकानदारांनी आधी बसून बोलून घ्यावा लागतो.

दवाखान्यात चित्र उलटे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कीटकनाशक प्यायलेला किंवा साप चावलेला रुग्ण येतो, सोबत वीस-पंचवीस नातेवाईक. रुग्ण दगावला किंवा पुढे पाठवायचे म्हटले की आवाज चढतात. इथला हल्ला ठरवून केलेला नसतो, तो दुःख आणि संतापाच्या लाटेत होतो. अशा वेळी मोठा आवाज गर्दीला क्षणभर थांबवतो, शेजारच्या खोलीतल्या कर्मचाऱ्याला आणि वॉचमनला बोलावतो. म्हणून इथे दिसणारे, वाजणारे, भिंतीवरचे लॅचिंग बटण योग्य, असे मानणारे अनेक आहेत. परिचारिकांच्या बाजूने येणारी दुरुस्ती अशी, की बटण फक्त टेबलाजवळ नको, प्रसूतिकक्षात आणि विश्रांतीच्या खोलीतही हवे, कारण एकटेपणा तिथे असतो. भिंतीवरच्या उघड्या बटणाला लहान मुलांचा आणि गंमत करणाऱ्यांचा त्रास होतो; उचलून दाबायचे पारदर्शक झाकण त्यावर चालते.

पेट्रोल पंपाचा मामला थोडक्यात सांगता येईल. इंधन देणाऱ्या युनिटच्या आसपासचा भाग स्फोटक वाफांचा धरला जातो, तिथे साधे विजेचे बटण किंवा खिशातले बिनतारी बटण चालत नाही. त्या वातावरणासाठी प्रमाणित साधनच लागते. म्हणून बहुधा बटण कार्यालयाच्या खोलीत बसते, आणि रात्री रोकड हातात घेऊन उभा असलेला कामगार त्यापासून दूर राहतो. त्यावर रोकड वारंवार आत जमा करण्याची शिस्त हाच व्यवहार्य उपाय मानला जातो.

बसवताना

परदेशी माहितीपुस्तिकांत बटणाची जागा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर, हात न हलवल्यासारखा वाटेल अशी सांगितलेली असते. आता आपल्या बाजारपेठेतली जुन्या धाटणीची सराफी पेढी डोळ्यांसमोर आणा. सराफ गादीवर मांडी घालून बसलेला असतो. समोर बुटके काचेचे काउंटर, उजव्या हाताला तराजू, डाव्या हाताला गल्ला, मागे लोखंडी कपाट. इथे पायाची पट्टी निरुपयोगी, कारण पाय दुमडलेले असतात. मांडीच्या उंचीला काउंटरखाली जागाच नसते. गल्ल्याच्या आतल्या कडेला बसवलेले बटण इथे सर्वांत स्वाभाविक, कारण ‘पैसे काढ’ म्हटल्यावर हात तिकडेच जाणार असतो आणि ती हालचाल संशयास्पद दिसत नाही. दुसरे बटण कपाटाच्या चौकटीच्या आत, कारण पुढचा हुकूम ते उघडण्याचाच असतो. गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसणाऱ्या मदतनिसासाठी तिसरे. प्रत्येक बटण कुणाच्या कोणत्या हाताला येते, हे त्या माणसाला बसवून, डोळे मिटून चाचपायला लावून ठरवावे. पेन्सिलने खूण करावी, आठवडाभर तिथे नुसता खडूचा तुकडा चिकटवून तो चुकून किती वेळा निखळतो ते पाहावे, मग छिद्र पाडावे.

तारांच्या बाबतीत तज्ज्ञांत जवळजवळ मतभेद नाहीत. पॅनिकची जोडणी ‘एनसी’ असावी, म्हणजे नेहमी बंद असलेले वर्तुळ दाबल्यावर उघडेल. तार उंदराने कुरतडली किंवा कुणी कापली तरी वर्तुळ उघडते आणि पॅनेल बोंब मारते. ‘एनओ’ जोडणीत तुटलेली तार गप्प बसते, आणि ती तुटल्याचे कळायला खरा प्रसंग यावा लागतो. वर्तुळाच्या टोकाचा रेझिस्टर बटणाजवळ असावा लागतो. घाईत तो पॅनेलच्या पेटीतच जोडला, तर मधली तार कुणी एकमेकांना जोडून टाकली तरी पॅनेलला सगळे आलबेल वाटते. काम तपासून घेताना पेटी उघडून तो रेझिस्टर पेटीत नाही ना, एवढे पाहिले तरी कारागिराची पारख होते.

बॅटरीचा हिशेब कागदावर सोपा आहे. पॅनेल आणि आपोआप फोन लावणारा डायलर मिळून ३०० मिलिअँपिअर घेत असतील, तर १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे २३ तास चालावी. पण सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य सभोवतालचे तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. मराठवाड्यातला उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पेटी बहुधा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर असते. दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर पूर्ण दिवसाचा भरवसा ठेवू नये.

हाक बाहेर नेणाऱ्या सिमकार्डाचे दुखणे निराळे. पॅनेलमधले सिम कुणी रोज वापरत नाही, त्यामुळे त्याची वैधता संपल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. जुने डायलर टूजी जाळ्यावर चालतात. ज्या कंपनीचे टूजी जाळेच नाही तिचे सिम त्यात घालून उपयोग नाही, आणि जिओचे तसे जाळे नाही. बिनतारी बटणे घेणाऱ्यांनी फ्रिक्वेन्सीही पाहावी. भारतात अशा साधनांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा परवान्याविना खुला आहे. युरोपासाठी बनलेली अनेक साधने ८६८च्या किंचित वर चालतात. ऑनलाइन स्वस्तात मिळालेले यंत्र त्यामुळे नियमाबाहेर पडू शकते. शिवाय बिनतारी बटणाची छोटी बॅटरी संपत आल्याची सूचना पॅनेलला मिळते का, हे विचारलेच पाहिजे.

हाक कुणाला

इतके सारे नीट बसवल्यावरही मूळ प्रश्न उरतो. महाराष्ट्रात २०२१पासून ११२ हा आपत्कालीन क्रमांक राज्यभर चालू आहे. तो माणसाने फोन करून मदत मागण्यासाठी घडवलेला आहे. एखाद्या पेढीतले पॅनेल परस्पर पोलीस नियंत्रण कक्षाला जोडण्याची पद्धत सर्वसामान्य दुकानांसाठी रूढ झालेली नाही. म्हणून हाक आधी मालकाच्या, व्यवस्थापकाच्या फोनवर जाते आणि तो पोलिसांना कळवतो. मध्ये जाणारी मिनिटे हाच या साखळीतला सर्वांत कमजोर दुवा आहे. खासगी देखरेख केंद्राची वर्गणी मोठ्या बँकांना परवडते, एकट्या सराफाला जड जाते.

ग्रामीण महाराष्ट्राने यावर स्वतःचे एक उत्तर काढले आहे. अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या पुढाकाराने ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ चालते. एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला संदेश परिसरातल्या नोंदणीकृत फोनवर एकाच वेळी, बोलणाऱ्याच्याच आवाजात पोहोचतो. दरोडा, आग, बिबट्या, हरवलेले मूल अशा सर्व प्रसंगांसाठी ती आहे. काउंटरखालचे बटण आणि ही यंत्रणा यांची सांगड घालावी, म्हणजे एका दुकानाची हाक साऱ्या पेठेत जाईल, असे म्हणणारे आहेत. उलट बाजूचे लोक जमावाच्या न्यायाची भीती बोलून दाखवतात. महाराष्ट्राने २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराधांना जमावाने ठार मारलेले पाहिले आहे. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि म्हणून संदेशात काय बोलावे, कुणी बोलावे, याची शिस्त पोलीस पाटलांना धरून आधी ठरवणे आवश्यक आहे.

राजूरच्या बाबतीत वर्षातले काही दिवस हा सगळा हिशेबच बदलतो. अंगारकी चतुर्थीला लाखो भाविक येतात, आदल्या रात्रीपासून जालन्याहून पायी चालत येणाऱ्यांची रीघ लागते, वाहतूक वळवली जाते. त्या दिवशी गावात पोलीस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात, पण गर्दीतून दुकानापर्यंत पोहोचणे कठीण असते. मोबाइल जाळ्यावर ताण असतो, तेव्हा डायलरचा फोन लागेलच असे नाही. हूटर वाजला तर ढोल-ताशांत तो विरून जाईल, किंवा चेंगराचेंगरीची ठिणगी ठरेल. वर्षभर चालू असलेला हूटर त्या दिवशी बंद ठेवून बंदोबस्तातल्या नेमक्या अधिकाऱ्याचा क्रमांक डायलरमध्ये घालणे, ही साधी तयारी यात्रेच्या नियोजन बैठकीत व्यापाऱ्यांनी मांडण्यासारखी आहे.

जे सुटलेले नाही

रिसेटची चावी कुणाकडे असावी, यावर सर्वांत कमी लिहिले जाते आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्याच्यावर अवलंबून आहे. दाबणाऱ्याकडेच चावी असेल, तर हल्लेखोर त्याच्याकडूनच ‘काही नाही, चुकून लागले’ असे वदवून बटण सोडवून घेऊ शकतो. फक्त मालकाकडे असेल, तर मालक गावाला गेल्यावर बटण मुके. दोघांकडे असेल आणि त्यातला एक नोकरी सोडून गेला, तर विरारचा धडा आठवावा: माणूस गेला त्या दिवशीच चावी, संकेतशब्द आणि शक्य तर बटणाची जागाही बदलायला हवी. लहान आस्थापनांत ही शिस्त क्वचितच दिसते.

त्याहून अवघड बाब अशी, की धोका मालकाकडूनच किंवा वरिष्ठाकडूनच असेल तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. राजूरच्या बाजारपेठेतली बहुतेक दुकाने या वर्गात मोडतात. पण तिथे बसवलेल्या बटणाची हाक जाते त्याच मालकाच्या फोनवर. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने पुरेशा संरक्षणाच्या अटीवर, तिच्या संमतीने, स्त्रीला रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली. त्या संरक्षणात बटण धरले, तर त्याची एक हाक आस्थापनेबाहेरच्या, तिने स्वतः निवडलेल्या व्यक्तीकडे जावी, अशी मागणी मला रास्त वाटते. मालकवर्गाचा त्यावरचा आक्षेप खोट्या आरोपांचा आणि दुकानातली गोष्ट बाहेर जाण्याचा आहे.

लॅचिंग बटण कुणी दाबले हे लपू देत नाही, याचा दुसरा परिणामही इथे येतो. चुकून दाबल्याबद्दल मेमो मिळणार असेल, तर पुढच्या वेळी हात कचरतो. काही ठिकाणी म्हणूनच चुकीच्या हाकेबद्दल कुणालाही जाब विचारायचा नाही असा नियम करतात, तर काही व्यवस्थापनांना त्यातून बेफिकिरी वाढेल असे वाटते. बटण देण्याची सक्ती कुणावर करायची, हेही सुटलेले नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०२४मध्ये कायदा करून मोठ्या किरकोळ विक्री साखळ्यांना २०२७पासून मूक हाकेची बटणे देणे बंधनकारक केले. न्यू जर्सीत हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्यांना २०२०पासून असे साधन मिळते. दोन्हीकडे बंधन मोठ्या आस्थापनांवर आहे. दोन-चार माणसांच्या दुकानाला कोणता नियम लावायचा आणि खर्च कुणी उचलायचा, हे त्या कायद्यांनी बाजूला ठेवले, आणि राजूरची बाजारपेठ नेमकी अशाच दुकानांची आहे. एका पेठेतल्या दुकानदारांनी मिळून एक पॅनेल, एक बॅटरी आणि एक सिम ठेवायचे, प्रत्येकाचे बटण वेगळ्या झोनवर घ्यायचे, महिन्यातून एका ठरलेल्या सकाळी सगळ्यांनी आपापले बटण दाबून आणि सोडवून पाहायचे, ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. अडते ते एवढ्यावर, की ते पॅनेल कुणाच्या दुकानात ठेवायचे आणि रात्री अकराला ते वाजले तर उठून जायचे कुणी.